परड्यांतील भाजी आणि शेजाऱ्याचा वांटा



आश्विन-कार्तिकाचे दिवस म्हणजे परड्यांतील भाजी तोडण्याचे दिवस. पावसाळ्यांत लावलेल्या वेलांना दोडके व कारलीं लोंबत असतात, भेंडी व गवार दिवसाआड तोडावी लागते, आणि कुडावरील भोपळा पिकूं लागतो. हें सर्व देवानें दिलें असें आपण उपासनेंत मुखानें कबूल करितों. परंतु त्यांतील कोणता भाग शेजाऱ्याचा, हा प्रश्न टोपली हातीं घेतल्यावरच उभा राहतो.

एका वर्षीं आश्विनांत बाहेरगांवच्या मंडळ्यांच्या भेटींत माझे कांहीं दिवस गेले. परत येऊन पाहतों तों परड्यांतील पुष्कळशी भेंडी जून झालेली. मीं कोवळी निवडून घरीं ठेविली, आणि जून टोपलींत भरून शेजारच्या एका वृद्ध विधवा बाईंस नेऊन दिली. आपण सत्कृत्य करीत आहों असेंच मला वाटत होतें. बाईंनीं एक भेंडी मोडून पाहिली, ती मोडेना. तेव्हां त्या शांतपणें म्हणाल्या, "पाळकसाहेब, बियाण्याला बरी आहे." त्यांच्या शब्दांत राग नव्हता, परंतु परत येतांना माझी मान खालीं गेली.

पुढें विचार करितांना वाटलें, बियाण्याकरितां तरी आपण असें करितों काय? शहाणा शेतकरी सरळ, निरोगी व भरलेला दोडका निवडतो, त्यास खुणेची चिंधी बांधतो, आणि तो वेलावरच वाळून आंतील बीं खुळखुळूं लागेपर्यंत घरच्या मुलांसही हात लावूं देत नाहीं. कारण त्या एकापासून पुढल्या वर्षीं पुष्कळ येतील असा त्याचा विश्वास असतो. मातीस आपण उत्तम देतों आणि गरिबास उरलेलें देतों. यावरून आपला भरंवसा कोठें आहे व कोठें नाहीं, हें उघड होतें.

कोणी म्हणेल, "लेवीयाच्या १९ व्या अध्यायांत शेताच्या कडेचें व गळून पडलेलें धान्य गरिबासाठीं सोडण्याचीच आज्ञा आहे, मग उरलेलें देण्यांत दोष कोणता?" याचें उत्तर असें कीं, कडेचें कणीस मधल्या कणसाहून हलकें नसतें, एकाच पावसावर दोन्ही पिकतात. नियमशास्त्रानें गरिबास थोडें दिलें, पण वाईट दिलें नाहीं. बवाजानें तर रूथेसाठीं पेंढ्यांतूनच मुद्दाम कणसें काढून टाकण्यास आपल्या गड्यांस सांगितलें. उलट, आंधळें व लंगडें जनावर वेदीवर आणणाऱ्यांस मलाखी संदेष्ट्यानें विचारलें कीं, हीच भेट तुम्हीं आपल्या सुभेदारास दिली तर त्यास ती आवडेल काय?

दुसरा म्हणेल, "आमच्याच घरीं खाणारीं तोंडें फार." हें खरें आहे, आणि ज्याची टोपली लहान त्याच्यावर मी ओझें घालीत नाहीं. त्यानें मूठभरच द्यावें. पण आपल्या ताटांतल्यासारखें द्यावें. दिल्यानें आपली टोपली भरेलच, असेंही मी म्हणत नाहीं. इतकें मात्र परड्यांत दिसतें कीं, भेंडी कोवळी असतांना तोडीत राहिलें तर झाड फुलत राहतें. झाडावरच जून होऊं दिली तर बीं पोसण्यांत त्याचें बळ जातें व फुलें कमी होतात.

पाळक व धर्मशिक्षक बंधूंनीं हें प्रथम आपणांस लावून घ्यावें. मंडळींतील गरीब माणसें आपल्या दारीं भाजी आणितात, तेव्हां कोवळीच निवडून आणितात. मग आपल्या दारांतून बाहेर जातांना ती जून कां असावी?

पुढल्या तोडणीस मी पहिली टोपली घेऊन त्याच बाईंकडे गेलों. त्यांनीं एक भेंडी मोडली. ती कट्कन मोडली. त्या कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं विळी पुढें ओढिली.

या हंगामांत मंदिरांत दान आणण्यापूर्वीं, शेजारच्या दारीं कोणती टोपली गेली, हें प्रत्येकानें प्रभूसमोर आठवावें.