ट्यूब बदलण्याआधी

पुणे

चि. सई हिस,


तुझं रेकॉर्डिंग हेडफोन लावून नीट ऐकलं. ॲम्प थकल्यासारखा वाजतोय हे तुझं म्हणणं बरोबर आहे. खर्जाच्या तारा सैल वाटतात, वरच्या सुरांची धार गेली आहे, मधूनच खरखर येते आणि तू थांबलीस की मागे घुमणारा आवाज उरतो. पण बँडमधला मित्र म्हणतो तशा पाचही ट्यूब एकदम बदलू नकोस. पूर्ण सेट आजच्या भावाने महाग पडतो हे एक झालं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळं एकदम बदललं, तर ॲम्प सुधारला तरी नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही, आणि नाही सुधारला तर शोधायचं कुठून तेही कळत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलल्यावर ऐकायचं. या पत्रातलं बाकी काही विसरलीस तरी चालेल, एवढं विसरू नकोस.

ट्यूब डोळ्यांना दिसते, उजळते, हाताने निघते, म्हणून सगळा आळ आधी तिच्यावर येतो. तू ट्यूबला हात लावायच्या आधी बाहेरून आत ये. सगळे पेडल काढून गिटार थेट ॲम्पला लाव, केबल दुसरी घे. खरखर फक्त नॉब फिरवतानाच येत असेल तर ती नॉबखालच्या पॉटमधल्या धुळीची आहे, ट्यूबची नाही. मग तुझ्या हॉट रॉड डिलक्स ॲम्पवर ‘प्रीॲम्प आउट’ आणि ‘पॉवर ॲम्प इन’ असे दोन जॅक आहेत, तिकडे बघ. त्यांत काही खुपसलेलं नसतं तेव्हा आवाज जॅकच्या आतल्या एका बारीक पत्तीतून पुढे जातो. तुमच्याकडे गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत ती पत्ती काळी पडते, आणि मग आवाज बसतो, तुटतो, खरखरतो. दमलेल्या ट्यूबची लक्षणंही हीच. एक छोटी पॅच केबल घे आणि त्या दोन जॅकना जोड. आवाज एकदम मोकळा झाला, तर ट्यूब निर्दोष आहेत. काँटॅक्ट क्लीनर मारून जॅक साफ कर आणि पैसे वाचव.

आता तो घुमणारा आवाज, म्हणजे हम. याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हम कुठून येतो हे तुला कानानेच ओळखता येईल. आपली वीज ५० हर्ट्झची. ॲम्पमध्ये तिची डीसी होताना जी लाट शिल्लक राहते ती १०० हर्ट्झची. तुझ्या सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवरचा जी ९८ हर्ट्झचा असतो. गिटार सुरात लाव, तो जी छेड आणि हमशी ताडून बघ. हम त्याच्याशी जवळजवळ जुळला, किंचित चढा लागला, तर तो १०० चा. म्हणजे संशय पॉवर ट्यूबवर किंवा सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरवर. हम एक सप्तक खाली असेल तर तो ५० चा. तो गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमधून येतो, अर्थिंग नीट नसल्याने येतो, किंवा एखाद्या प्रीॲम्प ट्यूबमध्ये हीटरची वीज कॅथोडमध्ये झिरपत असल्याने येतो. व्हॉल्यूम शून्यावर आणून पुन्हा ऐक. हम तसाच राहिला तर दोष व्हॉल्यूमच्या नॉबनंतरचा आहे. तुझ्या रेकॉर्डिंगमधला हम मला पहिल्या जातीचा वाटतो, पण फोनचा माइक खालचे सूर नीट पकडत नाही. तू स्वतः ताडून बघ.

तुझ्या ॲम्पमध्ये दोन ६एल६ आहेत, याच पॉवर ट्यूब. त्या जोडीने काम करतात, एक ढकलते तेव्हा दुसरी खेचते. दोघींमधून सारखाच करंट जात असेल, तर सप्लायची लाट आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकींना छेद देऊन नाहीशी होते. रस्सीखेचीत दोन्ही बाजू तुल्यबळ असल्या की दोर जागचा हलत नाही, तसं. एक ट्यूब दुसरीआधी झिजली की तोल जातो आणि हम ऐकू येतो. म्हणून पॉवर ट्यूब नेहमी मॅच्ड जोडीनेच घ्यायच्या, एकटी कधी बदलायची नाही. चांगली जोडी लावूनही १०० चा हम तसाच राहिला, तर कंडेन्सर सुकलेत असं समज.

झिजते म्हणजे काय होतं? कॅथोडवर बेरियम आणि स्ट्राँशियमच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. तापल्यावर त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने थराचा जोर कमी होतो. पॉवर ट्यूबला जास्त राबावं लागतं, त्यामुळे नियमित कार्यक्रम करणाऱ्याच्या ॲम्पमध्ये ती एक-दोन वर्षांत दमते. प्रीॲम्पच्या १२एएक्स७ मात्र पुष्कळ वर्षं टिकतात. हा उतार इतका सावकाश असतो की कानाला त्याची सवय होऊन जाते. यावर उपाय सोपा आहे. नवी जोडी बसली की त्याच दिवशी ठरलेल्या नॉबवर, ठरलेल्या जागी फोन ठेवून एक ओळ वाजव आणि जपून ठेव. पुढच्या वर्षी तीच ओळ तशीच वाजवून दोन्ही ऐक.

खरखरीसाठी प्रीॲम्पच्या तीन ट्यूब बघायच्या. इनपुट जॅकला सर्वांत जवळची पहिली, मग दुसरी, आणि पॉवर ट्यूबच्या शेजारची तिसरी, तिला फेज इन्व्हर्टर म्हणतात. पत्र्याची टोपी असेल तर ॲम्प बंद आणि थंड असताना आधी ती काढ. मग ॲम्प चालू कर, आवाज मध्यम ठेव आणि पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने एकेका ट्यूबवर हलकेच टिचक्या मार. पहिलीवर थोडा ‘टक्’ ऐकू येणारच, तिच्यापुढे आवाज वाढवणारे सगळे टप्पे येतात. पण घंटेसारखा नाद घुमत राहिला, शिट्टी सुरू झाली किंवा खरखर उसळली, तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली आहे किंवा तिची पिन सैल बसली आहे. टिचकीने कळलं नाही तर ॲम्प बंद करून पहिली ट्यूब काढ आणि पुन्हा चालू करून ऐक. खरखर चालूच असेल तर ती पहिलीची नव्हे. मग दुसरी काढ, मग तिसरी. तिन्ही काढूनही खरखर राहिली तर दोष पॉवरच्या बाजूला. एखादी काढल्यावर थांबली, तर तिच्या जागी खात्रीची चांगली १२एएक्स७ लाव. तरीही खरखर आली, तर ट्यूब बिचारी ठीक आहे, तिच्या प्लेटला वीज देणारा रेझिस्टर आवाज करतोय. यासाठी बॅगेत एक चांगली १२एएक्स७ कायम असू दे. एका ट्यूबने तिन्ही जागा तपासून होतात.

युरोपात हिलाच ईसीसी८३ म्हणतात. एके काळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही ती बनवली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या सामानात त्या नावाची चांगली ट्यूब सापडली, तर बिनधास्त लावून बघ.

पॉवर ट्यूब बघायच्या त्या अंधारात. खोलीतला दिवा मालव आणि मागून बघ. आत नारिंगी उजेड असतो, तो हीटरचा. काचेच्या आतल्या अंगाला निळसर झाक दिसली तर घाबरू नकोस, इलेक्ट्रॉन काचेवर आदळून ती येते आणि निरुपद्रवी असते. प्लेटच्या आत मात्र जांभळट-गुलाबी धुकं दिसलं, तर ट्यूबमध्ये वायू शिरलाय. काचेवर आतून चांदीसारखा डाग असतो, तो राहिलेला वायू शोषण्यासाठी असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर काच चिरली, निर्वात पोकळी गेली, ती ट्यूब संपली. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे प्लेटचा करडा पत्रा करडाच राहायला हवा. त्यावर लाल ठिपका उमटून पसरू लागला तर क्षणभरही थांबू नकोस, ॲम्प बंद कर. तसाच चालवलास तर ट्यूबबरोबर ट्रान्सफॉर्मरही जाईल. पूर्ण थंड झाल्यावर दोन्ही ६एल६ची अदलाबदल करून काही सेकंदच बघ. लाली ट्यूबबरोबर सरकली तर ट्यूब खराब. त्याच जागी राहिली तर सॉकेट किंवा बायस (ट्यूबमधून किती करंट जावा हे ठरवणारं व्होल्टेज) खराब, आणि मग नवी जोडी लावणं म्हणजे तीही जाळणं.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा, स्लो ब्लो प्रकारचाच लाव. मोठा फ्यूज किंवा तार घालून कार्यक्रम निभावून न्यायचा मोह होतो. सई, ते अजिबात करायचं नाही. पॉवर ट्यूब काढल्यावर नवा फ्यूज टिकला आणि लावल्यावर उडाला, तर बहुधा ट्यूबच आतून शॉर्ट आहे.

आता जे लिहितोय ते जिवाशी गाठ आहे म्हणून लिहितोय. या ॲम्पच्या आत चारशे व्होल्टच्या वर डीसी असते, आणि प्लग काढल्यावरही ती कंडेन्सरमध्ये राहू शकते. मागचं झाकण काढून ट्यूब बदलायला तुला हरकत नाही. चासी, म्हणजे आतला सगळं सर्किट बसवलेला पत्र्याचा सांगाडा, मात्र बाहेर काढायची नाही. मी शिकवेपर्यंत नाहीच. ट्यूब बदलताना प्लग भिंतीतून काढ, नुसत्या स्विचवर भरवसा ठेवू नकोस. स्पीकर जोडलेला नसताना ॲम्प चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्यूब थंड होऊ दे. ६एल६ काढताना काच धरून ओढू नकोस, बुडाचा काळा भाग धरून हलके हलके डोलवत काढ. त्या बुडाच्या मधल्या दांड्याला एक उंचवटा असतो, तो सॉकेटच्या खाचेत बसला तरच दाबायचं. दांडा तुटलेला असेल तर ती ट्यूब वापरूच नकोस, उलटसुलट बसेल. १२एएक्स७ डोलवायची नाही. तिच्या पिना थेट काचेतून निघतात, काच चिरते. सरळ ओढून काढ. नऊ पिनांमध्ये एक मोकळी जागा असते, ती जुळवून बसव. पिनांवर हिरवट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, पूर्ण वाळू दे. हे खरं तर नवी ट्यूब घेण्याआधीच करून बघ. समुद्रकाठच्या ॲम्पमधली कितीतरी खरखर एवढ्यानेच जाते.

१२एएक्स७ बदलली की काम संपलं. ६एल६ बदलली तर बायस बघावाच लागतो. तुझ्या ॲम्पमध्ये त्यासाठी आत टेस्ट पॉइंट आहे. तिथे ६० मिलिव्होल्ट यायला हवेत, म्हणजे दोन्ही ट्यूबचा मिळून ६० मिलिअँपिअर करंट. मोजायला अर्धं मिनिट लागतं, पण चासी उघडून, ॲम्प चालू ठेवून मोजावं लागतं. ते जाणत्या माणसाकडूनच करून घे. तो एक हात खिशात ठेवून दुसऱ्याने मीटर लावत असेल तर समज माणूस शिकलेला आहे. मोजल्याशिवाय ‘सगळं ठीक आहे’ म्हणाला, तर ॲम्प उचलून घरी आण.

खरेदीबद्दल फार विचार करू नकोस. आज गिटार ॲम्पच्या बहुतेक ट्यूब स्लोव्हाकियातल्या चादत्सा, रशियातल्या साराटोव्ह आणि चीनमधल्या कारखान्यांतून येतात. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियन मालाची आवक अडली आणि भाव चढले. साधी, नवी, मॅच्ड ६एल६जीसीची जोडी घे. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नला बनलेल्या जुन्या मुलार्ड कंपनीच्या ट्यूबच्या मागे लागू नकोस. त्या ट्यूब सुंदर आहेत यात शंका नाही, पण त्या नावाचे खोटे शिक्के मारलेला माल बाजारात फार आहे, आणि तुझ्या बँडच्या आवाजात तो फरक ऐकू यायचा नाही. पैसे उरलेच तर सर्वांत शांत १२एएक्स७ पहिल्या जागी ठेव. थोडी नाद करणारी फेज इन्व्हर्टरच्या जागी चालून जाते, तेवढ्यासाठी ती टाकून देऊ नकोस.

पावसाळ्यात कार्यक्रम नसले तरी आठवड्यातून एकदा ॲम्प तासभर चालू ठेव, आतला ओलावा उडतो. आता ही कामं याच क्रमाने कर: पॅच केबल, पिना साफ करणं, टिचक्या, अंधारात बघणं. मग मला कळव, विशेषतः हम तिसऱ्या फ्रेटच्या जीला जुळतो की त्याच्या खाली आहे ते. जुळत असेल तर ६एल६ची एक तपासलेली जोडी मी माझ्याकडून पाठवतो. ती लावूनही हम राहिला, तर गणपतीत येशील तेव्हा ॲम्प गाडीत घालून आण. कंडेन्सर मी मागवून ठेवतो, आणि चासी कशी उघडायची, आधी ती साठलेली वीज कशी उतरवायची, ते तेव्हा तुझ्याकडूनच करून घेईन.

तुझा,
अण्णाकाका