रोजचें वस्त्र किती दिवसांनीं धुवावें?



रोजच्या वापराचें वस्त्र किती दिवसांनीं धुवावें, हा प्रश्न पत्रांत चर्चिण्याजोगा आहे काय, अशी शंका कोणास येईल. धुण्याचें गांठोडें डोक्यावर घेऊन जाणारी बाई असला प्रश्न विचारीत नाहीं. ती वस्त्र नाकाशीं धरिते व ठरविते. तथापि जी गोष्ट आपण नित्य करितों तिचा विचार करण्याची आपणांस संवय नसते, आणि त्यामुळें तींत कांहीं अन्याय असला तर तो पुष्कळ काळ दडून राहतो. या एका प्रश्नाच्या पोटीं तीन प्रश्न आहेत. वस्त्र केव्हां मळतें? तें कोणीं धुवावें? आणि धुतलेल्या वस्त्रानें मनुष्याची योग्यता वाढते काय? या तिहींचा आपण क्रमानें विचार करूं.

वस्त्र दोन बाजूंनीं मळतें. बाहेरून शेतांतील काळी माती, रस्त्याची धूळ व चुलीचा धूर लागतो. हा मळ डोळ्यांस दिसतो. आंतून घाम, तेलकटपणा व कातडीचा कोंडा लागतो. हा मळ दिसत नाहीं. ताज्या घामास बहुधा वास नसतो. अंगावर व कापडांत राहणारे सूक्ष्म जंतु त्या घामांतील द्रव्यांवर पोसतात, आणि त्यांपासून दुर्गंधि उत्पन्न होते. म्हणून वरून शुभ्र दिसणारें वस्त्र आंतून मळलेलें असूं शकतें. उलट, बांधावरच्या मातीचा एखादा डाग पडलेला सदरा आरोग्यास फारसा अपाय करीत नाहीं. यावरून पहिला नियम निघतो. धुण्याचा हिशेब केवळ दिवसांनीं करूं नये. वस्त्र अंगास किती लागून होतें व त्यांत किती घाम मुरला, यावरून करावा.

जें वस्त्र कांखांस व जांघांस लागून असतें तें एकदां घातलें कीं धुवावें. चड्डी, लंगोट, बनियन, पायमोजे हीं या वर्गांतील होत. वैशाखांत आमच्या खानदेशांत उष्णमान ४४ अंशांच्याही वर जातें. तेव्हां शेतांत किंवा कारखान्यांत राबणाऱ्याचा सदराही त्याच दिवशीं धुवावा लागतो. तोच सदरा पौषाच्या थंडींत दोन घटका उपासनेस बसण्यापुरता घातला असेल, तर दांडीवर वाऱ्यास टाकून आणखी दोन वेळां सुखानें वापरतां येतो. अंग पुसण्याचा पंचा दोन-तीन दिवसांनीं व आंथरुणावरील चादर आठवड्यास धुवावी. गोधडीस धुणें क्वचित्, पण ऊन वारंवार द्यावें. कारण नसतां अधिक धुतल्यानें कापड विरतें. आणि गरिबाच्या घरीं कापड विरणें म्हणजे पैसा विरणें होय.

स्त्रिया पोलक्याच्या आंत जी घालतात, जीस आमच्याकडे बॉडी म्हणतात व शहरांतल्या मुली ब्रा म्हणतात, तिच्याविषयीं संकोचामुळें कोणी बोलत नाहीं. म्हणून येथें स्पष्ट लिहितों. थंडींत व बैठ्या कामांत ती दोन-तीन वेळां घालून मग धुतली तरी चालते. पण चुलीपुढें वा शेतांत घामानें भिजली, तर ती त्याच दिवशीं धुवावी. निदान दोन तरी असाव्या व आलटून पालटून घालाव्या, म्हणजे एक पुरती वाळेपर्यंत दुसरी वापरतां येते. घामट कापड स्तनांखालच्या घडीस घासत राहिलें तर तेथें लाली व खाज येते आणि पुष्कळदां बुरशीचा विकार जडतो. परंतु धुण्यापेक्षां मोठी चूक वाळविण्यांत होते. लाजेस्तव ही बॉडी लुगड्याखालीं दडवून अगर न्हाणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत वाळत घालतात. मासिक पाळीच्या फडक्यांची गति तर याहूनही वाईट. ओलींत बुरशी वाढते. ऊन व वारा यांनीं कापड लवकर कोरडें होतें व तिला थारा मिळत नाहीं. पुरुषाचा लंगोट अंगणांत भर दुपारीं फडकतो, त्याबद्दल घरांतील कोणी मान खालीं घालीत नाहीं. मग त्याच घरच्या लेकीसुनांच्या वस्त्रांस ऊन कां मिळूं नये? ज्या लाजेनें शरीर आजारी पडतें तिला मर्यादा हें नांव शोभत नाहीं.

वस्त्राचा व रोगाचा संबंध किती निकट असतो याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील ट्यूनिस शहरीं शार्ल निकोल नांवाचे फ्रेंच डॉक्टर टायफस नामक ज्वराचा अभ्यास करीत होते. हा ज्वर आपल्या परिचयाच्या टायफॉइडाहून निराळा आहे. रोगी घरीं असतां घरच्यांस तो ज्वर येई. इस्पितळांत त्याचे कपडे उतरून घेणाऱ्या नोकरांसही येई. पण कपडे काढून, स्नान घालून, स्वच्छ पोषाख चढवून रोग्यास आंत नेलें कीं शेजारच्या खाटेवरील मनुष्यासही त्याची बाधा होत नसे. यावरून निकोल यांनीं ताडलें कीं रोगाचें वाहन अंगावरच्या कपड्यांतच असलें पाहिजे. तें वाहन म्हणजे कपड्यांत राहणारी ऊ, हें त्यांनीं १९०९ सालीं प्रयोगानें सिद्ध केलें, व १९२८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या गांवांत तो ज्वर नसेल, पण खरूज व गजकर्ण आहेत, आणि तीं एकाच पंच्यानें साऱ्या घरानें अंग पुसल्यानें पसरतात. खरजेचा किडा मनुष्याच्या अंगावांचून बहुधा दोन-तीन दिवसांहून अधिक जगत नाहीं. यास्तव पाण्याच्या टंचाईंत जें पांघरूण धुतां येत नाहीं तें पिशवींत घट्ट बांधून आठवडाभर बाजूस ठेविलें तरी कार्य होतें. आपल्या अंगावरचें वस्त्र स्वच्छ ठेवणें हें अशा रीतीनें शेजाऱ्याचेंही ऋण फेडणें आहे.

ट्यूनिसच्या हकीकतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. मळ एकाच्या अंगाचा, पण ताप आला तो त्याचे कपडे हाताळणारासही. येथेंच आपला दुसरा प्रश्न उभा राहतो: वस्त्र कोणीं धुवावें?

अमळनेर गांव बोरी नदीच्या कांठीं आहे. ही नदी पुढें तापीस मिळते. उन्हाळ्यांत मात्र तिच्या पात्रांत पाण्यापेक्षां वाळूच अधिक दिसते. याच गांवीं १९४५ च्या डिसेंबरांत वनस्पति-तेलाची एक कंपनी निघाली, जी पुढें विप्रो या नांवानें जगभर प्रसिद्ध झाली. तेल शुद्ध करितांना जो अवशेष उरतो त्यापासून साबण करितां येतो. त्या कंपनीनें ‘७८७’ या नांवाचा कपडे धुण्याचा साबणही काढिला होता. साबण असा आमच्या दाराशीं तयार झाला व पैसे दिले कीं मिळूं लागला. परंतु पाणी आणणें व धुणें बडविणें यांचे श्रम कोणत्या दुकानांत मिळतात? सहा माणसांच्या घरांत प्रत्येकानें रोज दोन कपडे टाकिले तर बारा कपडे झाले. ते साबणांत भिजविण्यास एक व खळबळण्यास दोन, अशा पंधरा लिटरांच्या तीन बादल्या तरी लागतील. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर ओझें. तेव्हां पंचेचाळीस किलो ओझें रोज कोणीतरी विहिरीवरून किंवा टँकरावरून घरीं आणिलें पाहिजे. हें ‘कोणीतरी’ म्हणजे कोण, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. घरधनी एक शब्द बोलतो, “रोज धुतलेला सदरा पाहिजे,” आणि त्या एका शब्दानें घरांतील बाईच्या दिवसाचा एक प्रहर जातो. स्वच्छतेचें नांव त्याचें होतें; कंबर तिची मोडते.

याच अमळनेरांत १९२४ पासून १९३० पर्यंत पांडुरंग सदाशिव साने हे शाळेंत शिक्षक होते, व तेथील छात्रालयाची व्यवस्थाही ते पाहत असत. महाराष्ट्र त्यांस साने गुरुजी म्हणून ओळखतो. मुलांनीं खोल्या अस्ताव्यस्त टाकून व मळके कपडे कोपऱ्यांत फेंकून शाळेस जावें, आणि परत येऊन पाहावें तों खोली झाडलेली व कपडे धुतलेले असावे, अशी आठवण त्यांच्या विद्यार्थ्यांच्या तोंडून चालत आली आहे. छात्रालयाच्या प्रमुखास नियमांची पाटी लावतां आली असती व दंडही करितां आला असता. गुरुजींनीं नियमाचें ओझें आधीं आपल्या हातांवर घेतलें. दुसऱ्या दिवशीं पुन्हा सदरा कोपऱ्यांत फेंकणें कोणत्या मुलास जड गेलें नसेल?

कोणी म्हणेल, पुरुष दिवसभर शेतांत राबतो, मग बाईनें धुणें केलें तर बिघडलें कोठें? उत्तर असें कीं बाईही त्याच शेतांत निंदणी व वेचणी करून येते. घरांत कामांची वांटणी असावी, तींत धुणें एकीकडे व औत दुसरीकडे असेंही ठरावें. पण ठरविणारे दोघे असावे. म्हणून दुसरा नियम असा: धुण्याविषयीं जो नियम घालतो त्यानें धुण्याचा वांटा उचलावा. निदान अंगालगतचें वस्त्र तरी प्रत्येक जाणत्या माणसानें, मग तो घरधनी असो कीं शाळेंत जाणारा मुलगा, न्हातांना स्वतःच्या हातानें धुऊन पिळावें. त्यास अर्धी बादली पाणी व थोडका वेळ पुरतो.

आतां तिसरा प्रश्न. आपल्या देशांत सोवळें व स्वच्छता यांची फार गल्लत झाली. कित्येक दिवस न धुतलेला रेशमी कद सोवळा ठरे, आणि सकाळीं धुतलेलें सुती धोतर कोणा गरिबाची सावली पडल्यानें ओवळें होई. साऱ्या गांवाचा मळ धुणारा परीट स्वतः मात्र हलका गणला जाई. गाडगे महाराज १८७६ सालीं अमरावतीकडील शेंडगांवीं परिटाच्याच घरीं जन्मले. अंगावर चिंध्यांचें वस्त्र व हातांत खराटा, अशा वेषानें ते १९५६ सालीं निधन पावेपर्यंत गांवोगांव हिंडले. ज्यांनीं त्यांच्या चिंध्या पाहिल्या त्यांनींच त्यांच्या हातून आपले रस्ते स्वच्छ झालेले पाहिले. मग मळका कोण?

याहून कठोर गोष्ट अशी कीं ज्यांस पाणी नाकारिलें त्यांसच लोकांनीं मळके म्हणून हिणविलें. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावे असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत १९२३ सालीं झाला, तरी महाडच्या चवदार तळ्याचें पाणी घेण्यास डॉ. आंबेडकरांस हजारों लोकांसह २० मार्च १९२७ रोजीं जावें लागलें. आपल्यापैकीं पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनीं तें दुःख भोगिलें आहे. ज्या लोकांनीं तें भोगिलें त्यांच्या मुलांनीं तरी दुसऱ्याच्या मळक्या पदराकडे बोट दाखवूं नये.

परंतु आपण दाखवितों. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत सोन्याची अंगठी घातलेला व मळक्या वस्त्राचा, असे दोघे सभेंत आल्याची गोष्ट आहे. आपण कोणास पुढें बसवितों यावरून आपली परीक्षा होते. एखाद्या मजूर बाईजवळ दोनच लुगडीं असतात. श्रावणांत शनिवारीं रात्रीं धुतलेलें लुगडें रविवारीं सकाळीं ओलेंच राहतें. दुसरें कामाचें, मळलेलें. तेंच नेसून ती आली आणि उपदेशकानें त्या दिवशीं स्वच्छ पोषाखावर बोलतांना दाराकडे पाहिलें, तर पुढल्या रविवारीं ती येईल काय? तो उपदेश शब्दानें खरा असेल, पण त्यानें एका बहिणीस बाहेर ठेविलें. तिला सांगण्याआधीं, तिच्या वस्तींत पाणी किती दिवसांनीं येतें हें त्यानें विचारावयास हवें होतें.

तर मग वस्त्र किती दिवसांनीं धुवावें? अंगालगतचें रोज, वरचें घामाच्या मानानें, पांघरुणाचें सवडीनें. आणि बायकांचें असो कीं पुरुषांचें, सारें उघड्या उन्हांत वाळवावें. पाणी थोडें असेल तर आधीं लेंकरांचें व आजाऱ्याचें धुवावें आणि आपला शुभ्र सदरा मागें ठेवावा. आज संध्याकाळीं न्हाणींतून बाहेर येतांना आपलें ओलें वस्त्र तेथेंच टाकूं नका. तें स्वतः पिळा, अंगणांतील दांडीवर घाला, आणि घरांतील बाईस विचारा कीं उद्यांचें पाणी आणण्यास मी येऊं काय.