उलटी ओवलेली माळ

जरा स्वस्थ बसा. हातात जपमाळ आहे असं समजा. मनातल्या मनात तिच्या मधला वीस-तीस मण्यांचा तुकडा सोडवा, उलटा फिरवा आणि पुन्हा तिथेच ओवा. मणी एकही हरवला नाही, नवा एकही आला नाही. क्रम तेवढा फिरला. गुणसूत्राचा तुकडा असा उलटा बसतो त्याला इन्व्हर्शन म्हणतात.

आता एका चिलटाएवढ्या माशीकडे लक्ष न्या. तिला आईकडून सरळ माळ मिळाली आहे, बापाकडून उलटी. दोघींची मण्याला मणी अशी जोडी लावायची तर एकीला वळसा घ्यावा लागतो. अळीच्या लाळग्रंथींतल्या जाडजूड गुणसूत्रांत हा वळसा सूक्ष्मदर्शकाखाली चक्क दिसतो. अशा मिश्र माशीत त्या तुकड्यातल्या जनुकांची सरमिसळ जवळजवळ थांबते. ती जनुकं पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच प्रवास करतात.

इथे थोडं थांबा. मग कॅलिफोर्नियातल्या सॅन जॅसिंटो डोंगरावर या. ड्रॉसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा नावाची माशी तिथे राहते. अशा उलट्या तुकड्यांमुळे तिच्या तिसऱ्या गुणसूत्राच्या अनेक रचना आहेत. स्टँडर्ड आणि चिरिकावा या त्यांतल्या दोन. जनुकशास्त्रज्ञ थिओडोसियस डॉबझान्स्की यांना आधी वाटायचं की माशीला या फरकाचं काही सोयरसुतक नसावं. मग महिनोन्‌महिने माश्या पकडून मोजल्यावर दिसलं की मार्च ते जून या काळात स्टँडर्ड घटते आणि चिरिकावा वाढते. उन्हाळा चढला की उलट होतं. हे त्यांनी १९४३ साली मांडलं. कुठल्याशा प्राचीन काळी घडून गेलेली म्हणून आपण जिची कल्पना करतो ती नैसर्गिक निवड इथे एका वर्षाच्या आत ये-जा करत होती.

पण एक रचना सरस असेल तर दुसरी संपून का जात नाही? उत्तराची घाई करू नका. हा प्रश्न थोडा वेळ नुसता जवळ ठेवा.

डॉबझान्स्की आणि सिवॉल राईट यांनी १९४६ साली पेट्यांमध्ये माश्या वाढवून केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. २५ अंश सेल्सियसला स्टँडर्ड वाढत गेली, पण सुमारे ७० टक्क्यांवर थबकली. उरलेले ३० टक्के चिरिकावाचे राहिले. कारण दोन्ही रचना अंगी असलेली मिश्र माशी दोन्ही शुद्ध माश्यांपेक्षा वरचढ ठरत होती. एखादी रचना विरळ झाली की ती बहुतेक मिश्र माश्यांतच सापडते, म्हणून तगते आणि पुन्हा वर येते.

यातला हिशेब मला जरा निष्ठुर वाटतो. दोन मिश्र माश्यांची संतती सगळी मिश्र निघत नाही. सरासरी निम्मी शुद्धच निघते. जे सर्वांत सरस आहे ते तसंच्या तसं पुढे देता येत नाही. प्रत्येक पिढीत ते नव्याने जुळून यावं लागतं आणि त्याची किंमत त्या शुद्ध निम्म्या भावंडांनी मोजायची. श्वास सावकाश सोडा आणि हे एकदा नीट पाहा: विविधता इथे टिकते, पण फुकट नाही.

तीच पेटी, त्याच माश्या, तापमान फक्त १६.५ अंश, आणि रचनांच्या प्रमाणात काही फरकच पडला नाही. तेव्हा वरचढपणा त्या उलट्या तुकड्याच्या अंगचा म्हणावा की उष्म्याचा? दोन्ही वेगळे काढून पाहता येतात का, बघा.

अजून एक गोष्ट मनात घ्या. डॉबझान्स्की आणि ओल्गा पावलोव्हस्की यांनी १९५३ साली पेट्यांतल्या आणखी प्रयोगांची हकीकत मांडली. एकाच ठिकाणच्या माश्यांमधून घेतलेल्या दोन रचना एकत्र ठेवल्या की पेट्या एकमेकींसारख्या वागत. रचना त्याच, पण लांबलांबच्या ठिकाणांहून आणलेल्या असल्या, की सारखी सुरुवात करूनही पेट्या वेगवेगळ्या वाटांनी जात, आणि मिश्र माशी दर वेळी वरचढ ठरेलच असं नसे.