पांढरे होत जाणारे घोडे



दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्यास घोड्यांचा बाजार भरतो. शुभ्र घोडा दिसला की पाहणारा थबकतो. जाणता गिऱ्हाईक मात्र आधी त्याच्या नाकपुड्या न्याहाळतो. कातडी गुलाबी असेल तर तो जन्मतःच पांढरा, नुकरा. काळी असेल तर तो बहुधा काळा किंवा तांबडा जन्मलेला असतो. वर्षागणिक केस पिकत जाऊन, ठिपक्याठिपक्यांचा होत, सहा-आठ वर्षांत पांढरा दिसू लागतो. (जखऱ्याने पाहिलेल्या चौथ्या रथाचे ठिपकेदार घोडे असेच अर्ध्या वाटेवर असतील काय? हा केवळ माझा तर्क.)

काळी कातडी हा दोष नव्हे. ती उन्हापासून राखते. भय निराळेच आहे. केस पिकविणारा जो आनुवंशिक फेरफार स्वीडनमधील संशोधकांनी २००८ साली शोधला, तोच कातडीत काळ्या गाठीही उत्पन्न करतो. १५ वर्षांपुढील अशा घोड्यांपैकी सुमारे ७० ते ८० टक्क्यांना त्या होतात, आणि प्रथम बहुधा शेपटीखाली, जेथे खरारा करणाऱ्याचा हात क्वचितच जातो.

शुभ्रता व गाठ एकाच मुळातून! ज्या दानाबद्दल, ज्या प्रार्थनेबद्दल मंडळी आपणांस वाखाणते, तेथेच अभिमानाची गाठ धरली नसेल ना? इशायाच्या घरी शमुवेलही प्रथम बाह्य रूपालाच भुलला होता.

प्रियांनो, आज शेपटी उचलून पाहा. गाठ लहान असता पशुवैद्य ती काढू शकतो.