पोटखराबा

सात-बाराच्या उताऱ्यावर एक शब्द असतो, पोटखराबा. म्हणजे लागवडीला नालायक जमीन. राजापूर तालुक्यातल्या आमच्या सड्यावरच्या जमिनीपुढं आजोबांच्या वेळेपासून हाच शब्द आहे. जांभ्याचा सपाट कातळ, आणि माती म्हणाल तर बोटभर, तीही खळग्यांत.

त्या पोटखराब्याच्या कागदावर सही करायला गेल्या वर्षी दिवाळीनंतर मला लालबागला बोलावलं. गावकीच्या खोलीत बैठक. उताऱ्यावर नावं अकरा, त्यातले आठ चाकरमानी. कोणी परळचा, कोणी दादरचा, एक गिरगावचा, बाकीचे आता विरारपलीकडं गेलेले. घेणारा भाव बरा देत होता. त्याला कातळ फोडून, बाहेरची माती आणून हापूसची कलमं लावायची होती.

गिरगावचा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, काय हाय त्या सड्यावर? आठ महिने नुसता तापलेला तवा."

आठ महिन्यांचं त्याचं म्हणणं खरं आहे. मे महिन्यात अनवाणी पाय टेकवत नाही. पण हे सगळे मे महिन्यात गावाला येतात आणि गणपतीला आले तरी घरातून देवळात आणि देवळातून घरात. सडा चढून कोणी जात नाही.

मृगाचे दोन पाऊस झाले की खळग्यांत पाणी साठतं. मातीत दडलेल्या कांद्यातून दीपकाडी वर येते, पांढऱ्या फुलांची. ती खास कोकणातल्या कातळावरची. मग पाण्याच्या कडेनं गेंद उठतात, पांढऱ्या बटणांसारखे. दवबिंदू नावाचं एक रोप आहे, त्याच्या पानांवरच्या चिकात बारके किडे अडकतात आणि ते त्यांच्यावर जगतं. भादव्याच्या सुमारास ओल्या गवतात सीतेची आसवं निळीजांभळी पसरतात. फूल नाजूक, पण त्याच्या मुळासारख्या धाग्यांवर बारीक पिशव्या असतात, त्या पाण्यातले जीव आत ओढून घेतात. कॉलेजच्या पोरांना घेऊन एक मास्तर सड्यावर आले होते, त्यांनी भिंगातून दाखवलं. म्हणाले, बोटभर मातीत खत कुठून येणार? म्हणून ही झाडं शिकार करतात. दसऱ्यानंतर पाणी आटतं, सगळं वाळतं आणि बी कातळाच्या भेगांत जाऊन बसतं. साताऱ्याच्या कास पठारावर असंच असतं, ते २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. आमच्या तालुक्यात देवाचे गोठणे इथं कातळावर जुन्या माणसांनी कोरलेली चित्रं आहेत, ती बघायला आता लांबून लोक येतात. तेव्हाच्या माणसाला तो कातळ नालायक वाटला नसावा.

बैठक ज्या खोलीत होती त्या खोलीत मी पाच वर्षं राहिलो. दहावी झालो आणि १९७७ साली गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. दहा बाय बाराची खोली, माणसं वीस-पंचवीस. पण तीन पाळ्या. पहिल्या पाळीचा उठून गेला की रातपाळीचा येऊन त्याच जागी वळकटी सोडायचा. एखाद्या दुपारी कोणी डोकावला असता तर म्हणाला असता, इथं पाच-सहा माणसं राहतात. सड्याचंही तसंच आहे. त्याच खळग्यात आषाढात एक असतं, भादव्यात दुसरं. एकदा डोकावून कुठल्याही जागेला रिकामी म्हणू नये, हे मी त्या खोलीत शिकलो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर. बरेच गावाला आले, म्हणाले, मिटला की जाऊ. मीही त्यातलाच. पुढं एकेक गिरणी बंद पडली, जमिनी पडून आहेत म्हणून विकल्या गेल्या आणि तिथं मॉल आणि टॉवर उठले. कातळातलं बी पुढच्या पावसाची वाट बघू शकतं, कारण कातळ जागेवर असतो. आम्हाला परत जायला गिरणी जागेवर राहिली नाही.

इथपर्यंत लिहिलं की मी शहाणा वाटतो. म्हणून पुढचंही लिहितो. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग योजना आली तेव्हा मीच सड्याच्या खालच्या अंगाला सुरुंग लावून खड्डे पाडले. ऐंशी कलमं. त्यांच्यावर दोन मुलींची लग्नं झाली. मी ते चुकलं म्हणत नाही. पण त्या तुकड्यावर परत कधी दीपकाडी दिसली नाही आणि तेव्हा ती गेल्याचं माझ्या ध्यानातही आलं नाही. नालायक लिहिलेल्या जागेवरचं काही गेलं तर ते कोण मोजणार?

बैठकीत हे थोडंफार बोललो. परळचा पुतण्या शांतपणे म्हणाला, "काका, तुमचं पटतं. पण फुलांनी माझा हप्ता भरत नाही. तुमची कलमं तुम्ही लावून झालीत. आता आम्हालाच सडा राखायला सांगता?"

याला उत्तर नव्हतं. मी पाण्याचं सांगितलं, की सड्यावर मुरलेलं पाणी खाली झऱ्याला आणि विहिरीला लागतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण मलाच वाटलं, विहिरीचं नाव काढून मी पळवाट काढतोय. समजा सड्यानं एक तांब्याही पाणी दिलं नसतं, तर तो फोडायला मी हो म्हटलं असतं का? तरीही नसतं म्हटलं. मग त्याची किंमत दुसऱ्यानं का भरायची? एखादी गोष्ट राखावी असं वाटतं, तर आधी आपलं काहीतरी सुटायला पाहिजे. नाहीतर ती दुसऱ्याच्या ताटातली दानत.

रात्रभर झोप आली नाही. सकाळी पुतण्याला म्हटलं, "खालची चाळीस कलमं तुझ्या नावावर करतो. ती जागा मोडलेलीच आहे, पण उत्पन्न देते. वरच्या सड्यातला तुझा वाटा न विकता ठेव."

त्यानं आईला विचारून सांगतो म्हटलं. आठ दिवसांनी फोन आला, चालेल. घरी बायको महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही, तिचंही खरंच आहे. बाकीच्या नऊ जणांचं अजून ठरलेलं नाही. त्या सगळ्यांना द्यायला माझ्याकडं कलमं नाहीत.

यंदा गणपतीला पुतण्याला सड्यावर नेणार आहे. सीतेची आसवं फुललेली असतील. त्याला ती आवडतीलच असं नाही. पण सही करायची असेल तर एकदा भादव्यात बघून करावी, एवढंच माझं म्हणणं आहे.