तण केव्हा काढावे?

शेतात तणाची एक काडीही राहू देऊ नये, असे पुष्कळांस वाटते. आणि स्वच्छ रान हे उद्योगी मनुष्याचे लक्षण म्हणून लोक त्याची वाखाणणी करतात. उलटपक्षी, खुरपणीचा खर्च पिकातून निघत नाही, सबब तण राहिले तर राहू द्यावे, असे म्हणणारेही थोडे नाहीत. या दोहोंत खरे कोणाचे, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम लाभहानी पाहू. तण पिकाच्या वाट्याचे पाणी, खत व ऊन खाते खरे. परंतु सर्वकाळ सारखेच नुकसान करीत नाही. खरिपाच्या ज्वारीस पेरणीपासून पहिले 30 ते 45 दिवस, व कापसास सुमारे 60 दिवस त्याची विशेष बाधा होते. त्या मुदतीत वाफसा साधून कोळपे व खुरपे फिरले, म्हणजे पुढे पीक आपल्या सावलीनेच तणास दडपते. ज्वारी पोटरीत आल्यावर चार रोपे दिसली म्हणून कर्ज काढून मजूर लावणे हा उद्योग नव्हे. ते लोकलज्जेचे भय होय.

परंतु सर्व तणे एका मापाने मोजता येत नाहीत. टारफुला ज्वारीच्या मुळांवर जगतो, आणि जमिनीवर दिसण्यापूर्वीच पिकाचा रस शोषू लागतो. तो वर आल्यावर उपटला तरी यंदाचे नुकसान फारसे भरून येत नाही. मग उपटावा कशास? अशासाठी की, एका रोपाच्या हजारो बारीक बिया कित्येक वर्षे जमिनीत जिवंत राहतात. 1955 च्या सुमारास पुण्यात नोंदलेले गाजरगवत आज देशभर पसरले आहे. तेही हातास फडके गुंडाळून फुलण्यापूर्वीच उपटावे. वारा व ओढ्याचे पाणी बांध ओळखीत नाहीत. आपल्या हिशेबात न परवडणारे काम शेजाऱ्याच्या हिशेबात कर्तव्य ठरते.

आणखी एक गोष्ट बहुधा विसरली जाते. खुरपणी बहुतेक बायाच करतात. घरचे काम फुकट पडते असे म्हणणाऱ्याने दिवसभर वाकलेली पाठ व शाळा बुडवून बांधावर बसविलेले लेकरू हेही खर्चाच्या बाजूस मांडावे.

निदणाच्या दृष्टांतात धन्याने निदण उपटू दिले नाही, असे सांगून कोणी आपला आळस झाकील. पण तेथे शेत म्हणजे जग आहे व न्याय देवाचा आहे. तो दृष्टांत खुरपे टांगून ठेवण्याची परवानगी नव्हे. तथापि, घाईने उपटताना चांगल्या रोपाचीही मुळे हलतात, हा त्यातील सावधपणा शेतकऱ्याने अवश्य घ्यावा.

तात्पर्य, खुरपे हाती घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपणांस विचारावे: हे तण आज पिकाचे नुकसान करीत आहे काय? ते बी धरून शेजाऱ्यास व पुढील सालास त्रास देईल काय? आणि हे काम कोणाच्या पाठीवर पडणार? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे जो देईल, त्याचे रान कदाचित सर्वांत स्वच्छ दिसणार नाही. परंतु त्याचा हिशेब स्वच्छ राहील.