दोष कुणाचा?

दोष शोधणं आणि दोष देणं, ह्या दोन्ही गोष्टी आपण बोलताना एकाच दावणीला बांधतो. पण कामं अगदी वेगळी. दोष शोधणाऱ्याला थांबावं लागतं, विचारावं लागतं, हात काळे करावे लागतात. दोष देणाऱ्याला समोर एक माणूस असला की भागतं. तो आपल्यापेक्षा गरीब असला म्हणजे तर फारच बरं. एवढी कीर्तनं ऐकली, पण हा फरक मला नीट कळला तो एका पिकअपच्या बॉनेटपाशी उभं राहून.

गाडी माझ्या पुतण्याची. आमच्या जुन्नर भागातला भाजीपाला संध्याकाळी भरून पुण्याला, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात न्यायची. मंचर, राजगुरुनगरपर्यंत काटा जागचा हलायचा नाही. चाकणला ट्रॅफिक लागलं, गाड्या मुंगीच्या चालीनं सरकायला लागल्या, की काटा निघाला लाल रेघेकडं. मग ड्रायव्हरनं गाडी कडेला घ्यायची आणि निवेपर्यंत उभं राहायचं. माल उशिरा पोचायचा, भाव हातचा जायचा.

ड्रायव्हर आमच्याच वाडीवरचा, पंचविशीतला पोरगा. एक गॅरेजवाला म्हणाला, "हाफ क्लचवर चालवत असंल." दुसऱ्यानं थर्मोस्टॅटच काढून टाकला नि वर म्हणाला, "पाण्याकडं बघत नसंल." पुतण्याला ते पटलं. पटायला सोपं होतं ते. त्यानं पोराच्या पगारातले 3000 रुपये कापले आणि टपरीवर चार माणसांत बोलला, "गाडी चांगलीये, चालवणारा भिकार आहे." पोरगा खाली बघत राहिला. घरी दोन लहान लेकरं. बोलून जातो कुठं?

शेवटी गाडी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं नेली. मीही बरोबर होतो. कोण चालवतं, हे त्यानं विचारलंच नाही. पोराला म्हणाला, "तापती कधी?"

"थांबत थांबत जाताना."

"भरलेली असताना मोकळ्या रस्त्याला?"

"नाय तापत."

"तापल्यावर परत पळाया लागली की काटा उतरतो?"

"उतरतो."

मिस्त्री माझ्याकडं वळून म्हणाला, "नाना, निम्मं काम झालं."

मग त्यानं समजावून सांगितलं. इंजिनातली उष्णता पाणी घेतं आणि रेडिएटरात आणतं. जाळीतून जाणारा वारा ती बाहेर नेतो. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा फुकट मिळतो. गाडी थांबली की तो वारा बंद, मग ओढायचं काम एकट्या पंख्याचं. पळताना थंड राहते, म्हणजे पाणी फिरतंय, रेडिएटर आतून बऱ्यापैकी मोकळा आहे. मग कमी पडतोय तो वारा.

तरी त्यानं बाकीचं सोडलं नाही. गाडी पुरती निवल्यावर रेडिएटरचं टोपण काढून रबर पाहिलं. ते टोपण दाब धरतं म्हणून आतलं पाणी 100 अंशांना उकळत नाही, वीसेक अंश पुढं जातं. गरम असताना उघडलं तर तेच पाणी तोंडावर येतं. जाळीत धूळ आणि काडीकचरा होता, तो इंजिनाच्या बाजूनं पाणी मारून बाहेर काढला. पट्टा दाबून बघितला. मग गाडी चालू करून चांगली तापू दिली, बंद केली, चावी खिशात टाकली आणि पंखा हातानं फिरवला. पंखा गरगर फिरला.

तिथंच दोष होता. ह्या गाडीचा पंखा आणि पट्टा ह्यांच्यामधे एक कपलिंग असतं. त्यात घट्ट सिलिकॉन तेल असतं. गरम झालं की कपलिंगनं पंखा पकडायचा, तो हाताला जड लागायला पाहिजे. इथं तेल गळून गेलं होतं, तोंडावर तेलकट धुळीचे ओघळ दिसत होते. लांबून बघणाऱ्याला पंखा फिरतानाच दिसायचा, पण ओढ त्याला नव्हती. कपलिंग बदललं, थर्मोस्टॅट परत बसवला, कूलंट भरलं. पुढच्याच खेपेला चाकणला तासभर अडकूनही काटा मधेच राहिला.

तेव्हापासून वाटतं, आपलंही असंच आहे. भाव चांगला असतो, पाऊस वेळेवर असतो, तोवर घरात कुणी कुणाला बोल लावत नाही. फुकटचा वारा लागत असतो. वारा थांबला की आतलं दिसायला लागतं, आणि तेव्हाच आपण माणूस शोधायला निघतो. बियाणं उगवलं नाही की शेतकऱ्यालाच पहिलं विचारतात, "पेरलं कसं होतं?" तो प्रश्न किती लागतो हे आपल्याला ठाऊक आहे. तरी आपल्या गड्याला आपण तोच विचारतो.

चालवणाऱ्याची चूक कधीच नसते, असं माझं म्हणणं नाही. असते. पण जाळी, टोपण, पट्टा, पंखा बघून झाल्यावर त्याच्याकडं यावं. त्याला उलट बोलता येत नाही म्हणून त्याचा नंबर पहिला लागू नये.

आता अवघड भाग. दोष सापडला, पण आधी दिलेल्या दोषाचं काय करायचं? माझ्या सांगण्यावरनं पुतण्यानं 3000 रुपये परत दिले. पोरानं मोजून घेतले आणि हळूच म्हणाला, "पैसं आलं, दादा. टपरीवर बोलला त्येचं?"

पुतण्या म्हणाला, "जाऊ दे आता, झालं गेलं."

पण झालं गेलं म्हणायचा हक्क बोलणाऱ्याचा नसतो, ज्याला लागलं त्याचा असतो. जितक्या माणसांत दोष दिला, तितक्याच माणसांत तो उतरवायला पाहिजे. गुपचूप पैसे दिले म्हणजे निम्मीच उधारी फिटली. हे मी पुतण्याला दोनदा सांगितलंय. त्यानं अजून केलेलं नाही.

पोरगा अजून तीच गाडी चालवतो. त्या टपरीवर मात्र चहाला थांबत नाही.